बूच

मुळात ती भूतच होती.
तरी बुधवारी, साडेदहाच्या भागात,
मांत्रिकानं तिला बाटलीत ओढून बूच मारलं
आणि गुंडूमामा ताटावरून उठला.

उद्यमनगरात बत्तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस.
दोन बोटं गेली तेव्हा
"आठ हाईत की" म्हणाला होता.

"सात वर्षं हिरीत एकटीच हुती पोरगी,"
एवढंच बोलला.
तांबड्या रश्श्यावर तवंग गोठत गेला.

शुक्रवारी साबणाच्या जाहिरातीत
तीच, ओल्या केसांनी, हसत.
मामी म्हणाली, बघा, धडधाकट हाय तुमची पोरगी.
"ती ही न्हवं," मामा म्हणाला.

त्यानंतर लोणच्याच्या बरणीचं झाकण
तो सैलच ठेवतो.
मामी रोज घट्ट करते,
तो रोज सैल करतो.
बुरशी धरली आता फोडींना.