पूर्ण एक मिनिट

सर्दी आहे, म्हणाली रविवारी.
मंगळवारी म्हणाली, झोप झाली नाही.
गुरुवारी फोन उचलला लानने,
तिच्या खोलीत राहणाऱ्या व्हिएतनामच्या मुलीने.
तिचं मला काही कळलं नाही, तिला माझं.
मागे कोणीतरी खोकलं.
तो खोकला मी ओळखला.

मी सांदवाडीत तुरीच्या ओळीपाशी उभी होते,
तिथेच टॉवर नीट मिळतो.
इथे दुपारचे साडेचार, तिथे बारा.

गावात मी आशा. सोळा वर्षं झाली.
कोणाकडे कोण तापलंय ते मला
अंगणात वाळत पडलेल्या गोधडीवरून कळतं,
कोणी सांगायच्या आधी.
आणि माझ्या घरचा ताप
कासेल नावाच्या शहरात पाच दिवसांचा झाला,
मला खबर नाही.

"प्रोबेशन हाय ना आई. रजा पडल्या तं लिहून ठेवतात."
नागपुरात खोली करून जर्मन शिकली शीलरत्ना,
बी-वन दुसऱ्या खेपेला निघाली.
आता तिथे नर्सिंग शिकते, शिकता शिकता राबते,
म्हाताऱ्यांची कूस बदलते, चादरी घालते.
एकदा तर नुसत्या चादरीच्या कोपऱ्याचा फोटो पाठवला.
मी देवलाबाईला दाखवला.
"पाकिटावानी घडी घालते वो पोरगी," ती म्हणाली.

डॉक्टरकडे ती एकदा जाऊन आली होती.
ताप? हो. खोकला? हो. दुखतं? कुठे?
पुस्तकातले सगळे शब्द तिला आले.
कणकण आली नाही.
अंगात कसर आहे, हे कसं सांगायचं ते सुचलं नाही.
त्यांना आकडा पाहिजे होता, तो यंत्राने दिला,
गोळ्या दिल्या, पाणी पी म्हणाले.
हे सांगताना तिला हसू आलं,
हसण्यातून खोकला, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

फोन छातीवर ठेव, मी म्हटलं.
"आई, नर्स मी होऊन राह्यली."
ठेव म्हटलं ना.

स्क्रीन काळी झाली.
पवनीच्या बाजारातून घेतलेला स्वेटर असणार तो, जांभळा.
किटमधलं घड्याळ काढलं.
पूर्ण एक मिनिट मोजायचं,
अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही,
ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगतात.
घाईत बाई चुकते.

एकोणीसवर पलीकडे धानाची गिरणी सुरू झाली.
चुकलं.
पुन्हा पहिल्यापासून.

एकतीस.

तक्त्यात पाहिलं.
दोन महिन्यांच्या आतलं बाळ : साठ.
वर्षाच्या आतलं : पन्नास.
पाच वर्षांपर्यंत : चाळीस.
मग रेघ.
तेवीस वर्षांच्या लेकराची ओळ
छापलेलीच नाही.

एकतीस जास्त की कमी, मला माहीत नव्हतं.
मी माहीत असल्यासारखी बोलले :
आत्ता, लानला घेऊन. रजा गेली उडत.

न्युमोनिया निघाला. डावी बाजू. आठ दिवस.
जिथे ती चादरी घालायला शिकली
त्याच इमारतीत, दोन मजले वर.
तिसऱ्या दिवशी फोटो आला,
तिच्याच गादीचा कोपरा.
खाली लिहिलं होतं : ढिला आहे.
त्या रात्री मी जेवले.

आता ड्यूटीवर जाते.
प्रोबेशन वाढवलं की नाही, ती सांगत नाही
आणि मीही विचारत नाही.
बांधीतली लाखोरी फुलली आहे, ते सांगते.
वनमालाच्या बाळाचं वजन वाढलं, ते सांगते.

काल तिच्या फोनवरून लान दिसली.
शीलू अंघोळीला गेली असावी, मागे पाण्याचा आवाज.
गळ्याभोवती पंचासारखं काहीतरी, डोळे लाल.
शब्द जुळवत, जपून, एकच म्हणाली :
"कणकण."

मी माझ्या छातीवर हात ठेवून दाखवला.
तिला कळलं.
स्क्रीन काळी झाली.
मी घड्याळ काढलं.
गिरणी काल बंद होती.