आयत्या वेळचे विषय

बेतीच्या वर्कशॉपात दर सोमवारी साडेदहाला बैठक.
साडेदहा म्हणजे अकरा,
कारण दोरादोसाहेब पणजीहून फेरीबोटीने येतात
आणि बोट धक्क्याला लागली तरी
रॅम्प खाली येईपर्यंत
नदीतच असतात.

मी इतिवृत्त लिहितो. एकोणीस वर्षं.
हिरव्या कापडी बांधणीची सातवी वही चालू आहे.
'चर्चा झाली' हे दोन शब्द
माझा हात झोपेतही लिहील.
खरं सांगायचं तर, लिहितो.

विषय पहिला : मागील इतिवृत्त कायम करणे.
विषय दुसरा : सात नंबरच्या बोटीचा अडणारा रॅम्प.
पहिल्या सोमवारी, नवी पुली कुठून मागवावी यावर,
दुसऱ्या सोमवारी, ती अजून का मागवली नाही यावर,
तिसऱ्या सोमवारी
'यावर' लिहून मी पेन उचललं.
कशावर ते कुणालाच विचारवेना.
तेवढ्यात भजी-पाव आले.

फिटर शाणू हरमलकर दाराशी बसायचा,
एक हात मोडलेल्या खुर्चीत.
यायचा, सही करायचा, पाव चहात बुडवायचा.
त्याला कुणी विचारलं नाही.
माझ्या वहीत तो फक्त
'उपस्थित' या शब्दाखाली
अनुक्रमांक नऊ.

चौथ्या सोमवारी वीज गेली. मे महिना.
खिडकीला फायलींचं कपाट लावलेलं,
ती उघडते हेच आम्ही विसरलो होतो.
साहेबांनी कॉलरमागे रुमाल खोचला,
दहा मिनिटं धीर धरला,
म्हणाले, चला, भायर.

धक्क्यावर खुर्च्या नव्हत्या.
ओहोटीचा वास. पायांखाली तापलेलं लोखंड.
ज्योकिनाबाईंनी हजेरीबुक डोक्यावर धरलं.
प्रस्तावना कुणी केली नाही, उन्हात
प्रस्तावना सुचत नाही.
समोर सात नंबर, तिचा रॅम्प अर्धा लोंबता,
पाटी डोक्यावर घेऊन एक मासेवाली
उडी मारू की नको अशी उभी.

शाणू पुढे झाला.
साखळीवर तळवा ठेवला,
गुरं धरतात तसा.
"पुली बरी आसा. हे बाजूची साखळी
दोन कड्यांनी लांब."
कशी काय लांब?
"फेब्रुवारीत तुटली. हांवेंच जोडली.
हाताक आयलीं तीं कडीं लायलीं."
कापायला किती वेळ?
"च्या निवच्या आदीं."

मग साहेब साधंच म्हणाले :
अरे, मग इतके दिवस बोललास का नाही?

शाणूने त्यांच्याकडे पाहिलं नाही.
माझ्याकडेही नाही.
माझ्या वहीकडे पाहिलं.

एकोणीस वर्षं मला वाटत होतं
मी तिथे नसल्यासारखाच असतो,
कोपऱ्यात, पंख्याखाली, निरुपद्रवी.

मी लिहिलं :
साखळीची दोन कडी काढणे. शाणू. आज.
फेब्रुवारी लिहिला नाही.
साहेबांनी वाकून वाचलं, पानाखाली सही केली,
तेही काही म्हणाले नाहीत.

पुढच्या सोमवारी वीज होती.
विषय दुसरा :
यापुढे बैठका धक्क्यावर उभ्याने घेण्याबाबत.
छत्र्या, सावली, उपसमिती.
चर्चा झाली.

आणि त्याच्या पुढच्या सोमवारी
रॅम्प सरळ खाली आला,
साहेब दहा पंचविसालाच वर्कशॉपात,
आणि वर कुणीच नाही.
आम्ही सगळे अकराच्या हिशेबाने निघालेले,
खोलीची किल्ली माझ्या खिशात.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा
ते खाली धक्क्यावर होते, शाणूबरोबर.
शाणू हाताने हवेत काहीतरी काढून दाखवत होता,
वल्ह्यासारखं, किंवा बिजागरीसारखं,
आणि साहेब मधेच त्याला थांबवून
"परत, परत एकदा" म्हणत होते.

मी वही उघडली.
तारीख घातली.
'कोरमअभावी बैठक तहकूब' एवढं लिहून
ती मिटली,
काखेत धरली,
आणि ते दोघं आटपेपर्यंत
जिन्यावरच थांबलो.