एकच उतार

हॉल्वरसाहेब नॉर्वेहून आला तेव्हा
अक्कलकोट रोडच्या शेडचे पत्रे तापून कडकडत होते
आणि मी टॉवेलच्या काठाचे सुटे लूप
दाढीच्या ब्लेडनं उडवत होतो,
अर्धं ब्लेड कागदात, अर्धं बोटात.

त्यानं पाहिलं. बोलला काही नाही.
कंबरेच्या कातडी म्यानातून
वीतभर सुरी काढली,
एक लूप उचलला, पातं खालून वर नेलं.
दोरा तुटल्याचं दोऱ्यालाही कळलं नसेल.
मग मूठ माझ्याकडं करून धरली.

मी घ्यायला गेलो तर हात मागं.
आपलाच खिसा थोपटून दाखवतोय.
गज्जम सुपरवायझर म्हणाला, "भूमय्या, नाणं दे.
सुरी फुकट घेतली तर दोस्ती कापली जाते म्हणतोय."
रुपया होता. चहातून उरलेला.
त्यानं तो वरच्या खिशात टाकला
आणि खिशाचं बटण लावलं.

मूठ भूर्जाची.
ज्या झाडाच्या सालीवर आपल्याकडं पोथ्या लिहिल्या,
त्याच्या लाकडाला तिकडं मासळीचा वास लागतो.
आडवी पट्टी नाही, नक्षी नाही,
भोसकायला निघालेल्या हत्याराचा
कसलाच तोरा नाही.
मुठीला मधे जरासं पोट,
जेवून उठलेल्या माणसाइतकं.

पोरगा म्हणाला, शोकेसमध्ये ठेवू.
पद्मावती विड्या वळत होती, मान वर न करता म्हणाली,
"कत्ती आहे का देव?"
आणि संध्याकाळी तिनंच
कांदा चिरला, डाळिंब फोडलं,
तेंदूच्या पुड्याची सुतळी तोडली,
माझ्या पट्ट्याला आत एक भोक पाडलं.
(तेवढा मी वाळलो होतो त्या वर्षी.)

एकदाच, म्यान कंबरेला लावून निघालो.
कन्ना चौकापर्यंत.
हवालदार म्हणाला, "कुणासाठी?"
मी म्हणालो, "टॉवेलसाठी."
तो हसला, मी नाही.
तेव्हापासून ती डब्याच्या पिशवीत असते,
कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या मधे.

दिवाळीनंतर बोथट झाली.
विजापूर वेशीला दस्तगीर शिकलगार,
पायचाकाची सहाण, एका डोळ्यात फूल.
पायटा दाबला, चाक फिरलं,
पातं टेकणार, तोच पाय उचलला.
चाक आपोआप थांबेपर्यंत
तो अंगठा पात्यावर आडवा फिरवत राहिला.

"हिला दुसरी धारच नाही," म्हणाला.
"आपल्या सुरीला उतार वेगळा, टोकाची धार वेगळी,
अन् कोन शिकलगाराच्या मनगटात.
हिचा कोन पात्यातच ठेवलाय बघ.
एकच उतार, निम्म्यापासून थेट शेवटापर्यंत.
चाकावर धरली तर खराब होईल.
करणाऱ्याला ठाऊक होतं,
वापरणारा लांब असेल, एकटा असेल,
तिथवर कुणी शिकलगार पोचायचा नाही."

गोणपाटाखालून सपाट दगड काढला, पाणी शिंपडलं.
सुरी आडवी ठेवली, जराशी कलवली,
आणि ती बसली.
दगडावर, आपली आपण,
पाटावर माणूस बसावा तशी.
"आता तू कर," म्हणाला.
"दाबू नको. तिला माहितीये."

एवढं शिकवून म्हातारा पैसे घेईना.
स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं तोडलं,
वर म्हणतो, "मी केलंय काय?"
मी रुपया काढला. म्हणालो, "दोस्ती कापते, चाचा."
त्याच्या सदऱ्याला खिसा नव्हता.
त्यानं तो दगडाखाली सरकवला.
दगड जरा डुगडुगत होता एका कोपऱ्यात,
तो थांबला.

आता पातं कडब्याच्या सालीइतकं झिजलंय.
रोज दुपारच्या सुट्टीत मी ते दगडावर टेकवतो,
त्याचा बसण्याचा आवाज ऐकतो, मगच डबा उघडतो.
हॉल्वरसाहेब परत आला नाही. ऑर्डर येतात.
त्या खिशाचं बटण त्यानं
काढलं असेल का कधी, काय माहीत.
नाहीतर माझा रुपया
तिकडच्या एखाद्या धुण्यात फिरत असेल,
आमच्याच टॉवेलांबरोबर.