नव्वद न्यूटन

एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये
बटणं ओढायचं एक मशीन आहे.
चिमटा लावायचा, काटा नव्वदवर न्यायचा,
दहा मोजायचे.
बटण टिकलं तर फ्रॉक जहाजावर चढतो,
तुटलं तर अख्खी पेटी बाजूला.
न्यूटन कोण, मी विचारलं नाही.
बिराजदार मॅडम म्हणतात,
तिकडच्या बाळांच्या दातांना फार जोर असतो.

दिवसभर मी परक्या बाळांची बटणं ओढते
आणि मंगळवारी पाळी सुटली की
तुळजाबाईच्या गोणपाटापुढं उकिडवी बसून
अनुषासाठी जुनं स्वेटर शोधते.

तुळजाबाई बोहारीण.
सकाळी होटगी रोडच्या बंगल्यांपुढं तिची हाळी:
तीन साड्या, एक पॅन्ट, बाळाचे सात कपडे
यांवर एक झाकणाचा डबा,
घासाघीस झालीच तर वर एक चमचा.
तिच्याकडचं कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं.
नव्यानं अनुषाला पुरळ येतं, असं मी सगळ्यांना सांगते.
खरं कारण पैसे. पुरळ नंतरचं.

त्या मंगळवारी जीपमधून दोघं उतरले.
एकानं कागद वाचला:
वापरलेली बालवस्त्रे, तपासणीचा दाखला,
गळ्यातल्या दोऱ्या, सुटे मणी, उत्पादकाचे नाव.
"उत्पादक म्हंजे काय ओ?"
"कुणी बनवलं ते."
तिनं एक झबलं उलटं करून आत बघितलं.
लेबल कुण्या आईनं कातरून टाकलेलं,
बाळाच्या मानेला टोचतं म्हणून.

एका तपासणीच्या फीमध्ये
तिचं गाठोडं दोनदा विकत आलं असतं.
शिवाय नमुन्याला एकसारखे बारा नग लागतात.
तिच्याकडं एकसारखं काहीच नाही,
एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यात नाही.

माझ्या तोंडाशी शिवी आली होती.
पण आमच्या मागच्या गल्लीत, विडी घरकुलात,
रेणुकाच्या बाळाच्या टोपीची दोरी
पाळण्याच्या कडीत अडकली होती,
ती भाकरी थापत होती तेव्हा.
टोपी वीस रुपयांची. ह्याच गोणपाटावरची.
मी शिवी गिळली.
जीप गाठोडं घेऊन गेली,
अनुषाच्या हातातलं स्वेटरही.

पुढच्या मंगळवारी त्या जागेवर
नव्या फ्रॉकांची गाडी उभी. शंभरला एक.
छातीवर चमकणारे खडे, खिशाशी छापील शिक्का.
मी नखानं एक खडा सहज उचकटला.
गाडीवाला म्हणाला,
"दाखला आहे ताई. बघायचाय?"
मी नको म्हणाले आणि खडा त्याच्या तळहातावर ठेवला.

रात्री तुळजाबाई घरी आली.
धाकट्या बहिणीकडं ठेवलेलं दुसरं गाठोडं घेऊन,
भांडणाला आल्यासारखी उंबऱ्यात उभी.
"तू बटणं वढतीस न्हवं? वढ की मग."

आईनं विड्यांचं सूप बाजूला सरकवलं.
ट्यूबलाइटखाली आम्ही बसलो तिघी.
तुळजाबाई टोप्यांच्या, पायजम्यांच्या दोऱ्या उपसते,
मी बटण धरते आणि ओढते.
मशीन नाही, काटा नाही,
पण बोटांना नव्वद कळतं, सहा वर्षं झाली.
आई तेलुगूत दहा मोजते.
तुटलं ते मी चार पदरी दोऱ्यानं पुन्हा लावते.
हे सगळं विकायचं कुठं, ते ठरलेलं नाही.
आमच्या सहीला कोण दाखला म्हणणार?

दोऱ्यांचा ढीग सुपाएवढा झाला तेव्हा
तुळजाबाई एकदम म्हणाली,
"त्या टोपीची दोरी
तुला दिसली असती का गं?"

आई सातावर थांबली.
माझ्या चिमटीत एक पिवळं बटण होतं,
बदकाच्या आकाराचं.
मी सोडलं नाही.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग आई म्हणाली, एनिमिदि.
तोम्मिदि.
पदि.