मंगळवारचा फुकट वर्ग

मंगळवारी सकाळी दहाला इथे कुणी खेळत नसतं.
रात्रपाळीचे खाणकामगार झोपलेले, महामार्ग बर्फाने अडलेला,
म्हणून एल्कोच्या या जुन्या कॅसिनोत मी, लायल टायबो,
एकवीस कसं करायचं ते शिकवतो.
आज एकच विद्यार्थिनी. ग्रासियाना एत्चेगोयेन,
वय एकाहत्तर, ओला कोट अंगातच,
पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली,
जणू मीच ती घेऊन पळणार.

राजा दहा, राणी दहा, गुलामही दहाच.
"गुलाम राजाइतका?"
या टेबलावर, हो.
एक्का लहरी: एक म्हणा, अकरा म्हणा, तुमची सोय.
एकविसाच्या वर गेलात की संपलं,
मग माझ्याकडे काय होतं ते विचारायचं नाही.
मी सोळाला ओढतो, सतराला थांबतो.
वाटतं म्हणून नाही. नियम छापलाय,
पांढऱ्या अक्षरांत, माझ्या पोटासमोर.
"म्हणजे तुम्हाला कधी ठरवावंच लागत नाही?"
बावीस वर्षांत, बाई, इथे मी काही ठरवलेलं नाही.
घरी ठरवलं,
तेव्हा एक पिकअप गेला आणि एक बायको.

ती तिसऱ्या खुर्चीकडे बघते.
मानेश तिथे बसायचा, शनिवारी, लोकरीची टोपी घालून.
"मी कधी विचारलं नाही," ती म्हणते.
"आता म्हटलं, बघावं तरी."
मग एकदम: "हजार मेंढ्या कोण मोजतं?
शंभरात एक काळी ठेवायची.
काळ्या दहा दिसल्या की कळप पुरा."
बावन्न पानांत सोळा काळ्या, मी म्हणालो,
राजे, राण्या, गुलाम, दश्श्या.
पहिल्यांदा हसली.

आता हात.
तोंडी सांगितलेलं इथे चालत नाही.
छतातला तो काचेचा घुमट पाहिलात?
त्याला डोळा आहे, कान नाहीत.
पान हवं तर टेबलावर बोटं ठोका, दोनदा.
नको तर तळहात पालथा, हवेत,
ताटावरची माशी हाकलावी तसा.

ती गप्प.
मग दोन बोटं हिरव्या कापडावर: टक, टक.
"सूप," ती म्हणाली.
"घेवड्याचं. वाटी सरकवायचा आणि हेच.
आणि पुरे झालं की ती माशी.
मला वाटायचं, त्याच्या बापाची सवय असेल, डोंगरातली."
जरा थांबली.
"तीस वर्षं मी त्याला पान वाढत होते,
आणि तो मला…"
पुढचं तिच्या भाषेत पुटपुटली.
मी पत्ते पिसत राहिलो. पिसून झाले होते तरी.

तिला दश्शी, छक्की.
माझ्यासमोर राणी.
सोळा. याहून वाईट हात नाही.
ओढलंत तर बहुतेक हराल,
न ओढता त्याहून थोडं जास्त.
"तो काय करायचा, सोळाला?"
ठोकायचा. आणि पान पडेपर्यंत डोळे मिटून घ्यायचा.

बोटं कापडाच्या वर अधांतरी.
बाहेर बर्फ काढणारं यंत्र रस्ता खरवडत गेलं.
तिने ठोकलं.
डोळे उघडेच.

नव्वी. पंचवीस.

मी तिच्या चिपा ओढून घेतल्या,
सरावाच्या, बिनकिमतीच्या,
तरी ओढून घेताना त्यांचा आवाज तोच येतो.
"वाढा परत," ती म्हणाली.
आधी पैज लावायची, बाई.
"थांबा."
आणि उभी राहून तिने कोट काढला.