अकरा ठिपके

ओझुर्गेतीच्या चहाच्या कारखान्यात
वजनकाट्यामागच्या खोलीत बसते मी, मकवाला.
एकोणीस वर्षं. खुर्ची माझी, पंखा माझा,
कीबोर्डवरची पुसट अक्षरं माझ्याच बोटांनी पुसलेली.
फक्त कॉम्प्युटर माझा नाही,
हे मला त्या सोमवारी कळलं.

तुर्कस्तानातून नवा काटा आला, खोक्यात त्याची चकती.
लावली. पडदा काळवंडला, एक चौकोन वर आला:
या कामासाठी प्रशासकाची परवानगी हवी.
खाली नाव, झ्वियादी.
नावापुढे रिकामी पट्टी, पट्टीत उघडझाप करणारी उभी रेघ,
टाच आपटत ताटकळलेल्या माणसासारखी.

म्हटलं, नवा नको तर नको,
जुना प्रोग्राम तरी काढू, दोघांचं पटत नसेल.
काढायलाही तोच चौकोन.
म्हणजे पाहुण्याला आत घ्यायचं तर विचारा,
आणि ठाण मांडून बसलेल्याला घालवायचं तरी विचारा.
विचारायचं ज्याला, तो झ्वियादी
तीन वर्षांपूर्वीच पोलंडला गेलेला, ट्रक चालवायला.

बाहेर बायका रांगेत. लामारा, झुझुना, झुझुनाची सून.
गोण्या पाठीवरून उतरवून उन्हात.
तोडलेलं पान कुणाची परवानगी मागत नाही.
गोणीत कोपरापर्यंत हात घाला, मध्यभागी ते तापू लागलेलं असतं
आजारी पोराच्या काखेसारखं.
थोड्या वेळात कडा लाल. मग भाव निम्मा.
लामारानं खिडकीतून विचारलं, "मशीन आजारी आहे का?"
"नाही गं. आज्ञाधारक आहे."

मॅनेजर एल्गुजा आले.
माऊस माझ्या हातातून काढून घेतला,
'होय'वर सतरा टिचक्या मारल्या,
अडकलेल्या दाराला खांदा द्यावा तशा.
मग म्हणाले, बंद करून चालू कर.
बंद केलं. चालू केलं. परवानगी हवी.
"प्रशासक मी आहे," ते पडद्याला म्हणाले.
पडद्यानं ऐकून घेतलं.

शेवटी फोन. झ्वियादी पोझनानजवळच्या कुठल्याशा थांब्यावर
सूप पीत होता.
पासवर्ड म्हटल्यावर गप्प.
मग, "मकवाला मावशी, स्पीकर बंद करा."
केला.
"शेजारी कोण आहे?"
"सगळेच."
पुन्हा गप्प. मागे कुणीतरी ट्रकचं दार आपटलं.
"तेव्हा तीन महिन्यांचा पगार थकला होता," तो म्हणाला,
"रागात ठेवला. लिहा. सलग, मध्ये जागा न सोडता.
एल्गुजा गाढव आहे."

आमच्या भाषेत अकरा अक्षरं.
अकरा ठिपके पडले, काळे, गोल, एकासारखा एक.
कुठला एल्गुजाचा, कुठला गाढवाचा,
देवालाही सांगता आलं नसतं.
ते माझ्या खांद्यावरून वाकलेले, श्वासाला कांद्याचा वास.
"काय शब्द होता?"
"लांबलचक आहे," मी म्हटलं. "कुणाचं तरी नाव."
खोटं नव्हतं.

अडल्यावर कुणाचे पाय धरायचे
ते शहाण्यांनी सांगूनच ठेवलंय.

काटा जागा झाला. पहिली गोणी लामाराची,
अठरा किलो चारशे. कडांना लाली आलीच होती.
'दर्जा पहिला' असं मी लिहिलं.
त्याला परवानगी लागत नव्हती.

संध्याकाळी जुना प्रोग्राम काढला.
हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली आणि म्हणाली,
काही फाइली काढता आल्या नाहीत,
त्या तुम्ही हाताने काढू शकता.
उघडली एक. थकबाकीची यादी, झ्वियादीनं केलेली.
चौथ्या ओळीत मी.
विसरलेच होते की मी.

रात्री त्याचा फोन आला. "पासवर्ड बदलायचा का, मावशी?
कसा ते सांगतो."
म्हटलं, नको.
लक्षात राहतो.