सदर दोन्ही नावे

ऊर्वी, आधी ती खुर्ची ओढ आणि बैस.
खिडकीतून सांगण्यासारखं हे नाही.
साडेपाच वाजले, पंखा बंद करून शिपाई गेला,
आता मी ट्रान्सक्रिप्टची क्लार्क नाही,
नुसती बर्गेबाई.

तर अडलंय ते असं :
पासपोर्टवर तुझे वडील हेमंत,
गुणपत्रिकेवर हेमंतभाई.
दहावीचा फॉर्म भरताना कुण्या मास्तरांनी
आदरानं दोन अक्षरं जोडली,
आणि त्या दोन अक्षरांवर
पोर्तुगालचा व्हिसा मांडी घालून बसलाय.
हसू नकोस. ह्या बडोद्यात
निम्म्या मराठी बापांना शाळेनं भाई केलंय.

दांडिया बाजारात बारोट नोटरी बसतो,
माझं नाव सांग.
तो स्टॅम्प पेपरवर लिहून देईल :
सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.
अर्ध्या तासाचं काम.

बाकीचं स्टॅम्प पेपरवर मावत नाही, माहीत आहे मला.

शिष्यवृत्ती तिथे पोचल्यावर मिळणार,
तिकीट मात्र पोचायच्या आधी काढायचं.
हा नियम ज्यानं केला
त्यानं महिनाअखेरीला इस्त्रीचे कोळसे
उधार आणले नसावेत.
आपल्याकडे एक आगाऊ निधी आहे.
कुणी मागत नाही, म्हणून त्याचे फॉर्म
कपाटात वाळवीला चाललेत.
हा एक झटकून ठेवलाय. धर.

तुझे सर म्हणतात, सत्र वाया जाईल.
गेल्या साली दोघांची क्रेडिट्स धरली,
फाइल माझ्याच हातून गेली.
सरांशी वाद घालू नकोस,
फक्त फाइलचा नंबर सांग.

आईला ‘काळजी करू नको’ म्हणू नकोस.
ती करणारच.
तिला विचार, सहा महिन्यांना मेतकूट किती लागेल?
हिशोबात शिरली की बाई अर्धी तयार होते.

आणि जे तू म्हणत नाहीस, ते इंग्रजी.
शाळा गुजराती, घर मराठी,
इंग्रजी प्रयोगवहीपुरतं.
अगं, आवेरोतल्या लोकांचंही ते उसनंच.
दोन उसनवारीवाल्यांचं बरं जमतं.
विश्वामित्रीच्या काठी चिखलात बसून
तू मगरीची अंडी मोजतेस, ती कुठल्या भाषेत?
तूच सांगितलं होतंस मला,
पुरात मगर सोसायटीच्या फाटकापर्यंत येते
ती वाट चुकून नाही;
पाणी आहे तिथवर तिला ती नदीच वाटते.

सगळ्यांचं गोड होतं असं नाही हं.
एक मुलगा तीन महिन्यांत परत आला,
थंडीनं म्हणाला, पण थंडी नव्हती ती.
ह्याच खुर्चीत रडला.
त्याचा लिफाफा
मी वाया गेलेल्यांत धरत नाही.

एकतीस वर्षं लिफाफे बंद करतेय मी.
लाख वितळवायची, शिक्का दाबायचा,
घेंट, उप्साला, आता आवेरो.
माझ्या अंगठ्याची लाख
कुठल्या कुठल्या टेबलांवर फुटली असेल!
मी स्वतः डाकोर, दोनदा नाशिक.
पासपोर्ट नाही. दुःख आहे असंही नाही.
फक्त पत्ता लिहिताना
हात जरा सावकाश चालतो.

तू परत येशील तेव्हा
मावशी म्हणेल, बदललीस.
कॉफी बिनसाखरेची पिशील, वेळेवर येशील,
मधेच एखादा शब्द आठवणार नाही तुला.
घाबरू नकोस.
तो बारोटचा कागद काढ नि पुन्हा वाच,
जी गेली आणि जी आली,
सदर दोन्ही.

जा आता, तो सातला शटर ओढतो.
आणि झेरॉक्स दोन काढ,
एक मला फाइलला लागेल.